फिल फॅक्टर कुठे गळतो? ऑर्गॅनिक सोलर सेलमध्ये विद्युतभाराची वाट मोकळी करण्याची पद्धत

पीएम६ पॉलिमर आणि वाय६ रेणू ही जोडी घेऊन सेल बनवला. ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी, ०.८३ व्होल्ट. शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे जेएससी, दर चौरस सेंटिमीटरला २४.६ मिलिअँपिअर. फिल फॅक्टर, म्हणजे व्हीओसी आणि जेएससीच्या गुणाकारापैकी प्रत्यक्षात मिळणाऱ्या कमाल शक्तीचा वाटा, ६६ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की कार्यक्षमता साडेतेरा टक्के येते. हीच जोडी नीट बनली तर फिल फॅक्टर ७४-७५ टक्के मिळतो आणि त्याच व्होल्टेज-करंटवर कार्यक्षमता १५ टक्क्यांपुढे जाते. इथे प्रकाश शोषला गेला आहे, विद्युतभारही तयार झाले आहेत, फक्त ते सगळे इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी नवा रेणू मागवण्याची घाई होते. आमचे मत उलट आहे: हातात असलेल्या जोडीचा फिल फॅक्टर कुठे गळतो ते सापडेपर्यंत नव्या रेणूला हात लावू नये.

ऑर्गॅनिक सेलचा इतिहास थोडक्यात असा. १९८६ मध्ये चिंग टँग यांच्या दोन थरांच्या सेलने १ टक्का दिला. १९९५ मध्ये डोनर (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, इथे पीएम६) आणि अॅक्सेप्टर (घेणारा, इथे वाय६) एकाच थरात मिसळण्याची कल्पना आली. २०१९ मध्ये चीनमधील चांगशा येथे यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने वाय६ आणले आणि आकडा १५.७ टक्क्यांवर गेला. २०२४ पासून एका जोडाच्या सेलमध्ये २० टक्क्यांच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढची सगळी मापे पीएम६-वाय६ जोडीची आहेत, कारण तिचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे आणि तिचे वागणे ओळखीचे आहे. एल८-बीओसारख्या तिच्या भावंडांनाही हीच पद्धत लागू पडते.

वेळेचे गणित

मिश्र थरात इलेक्ट्रॉन वाय६च्या जाळ्यातून एका बाजूला जातात आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, म्हणजे धन विद्युतभार) पीएम६च्या जाळ्यातून दुसऱ्या बाजूला. वाटेत दोघांची गाठ पडली तर दोन्ही विद्युतभार वाया जातात, हेच पुनर्मीलन. थर १०० नॅनोमीटरचा आणि मोबिलिटी (विद्युतभारांची चपळाई) ०.०००३ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरू. शॉर्ट सर्किटच्या जवळ आतले व्होल्टेज अर्धा व्होल्ट धरले तरी प्रवासाला ०.७ मायक्रोसेकंद पुरतात. पण सेल ज्या कमाल शक्तीच्या बिंदूवर वापरायचा तिथे विद्युतभार ओढणारे आतले व्होल्टेज जेमतेम ०.२ व्होल्ट उरते आणि प्रवास १.७ मायक्रोसेकंदांचा होतो. थर ३०० नॅनोमीटरचा केला तर हा वेळ नऊपट होतो, कारण प्रवासाचा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

म्हणूनच जेएससी उत्तम असूनही फिल फॅक्टर पडतो. पुनर्मीलन आणि विद्युतभारांची ओढ यांची लढत मोजणाऱ्या गुणोत्तरात जाडीचा चौथा घात येतो. जाडी दुप्पट म्हणजे तोटा होण्याचा कल सोळापट. मोबिलिटी दुप्पट करायला महिने लागतील. जाडी मात्र स्पिन कोटरच्या (काच फिरवून द्रावणाचा पातळ थर देणाऱ्या यंत्राच्या) एका बटणाने बदलते. सुरुवात तिथूनच करायची.

पायरी १: आधी निदान, मग बदल

हातातला कमी फिल फॅक्टरचा सेल टाकून देऊ नका. त्याच्यावर चार मोजमापे करा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पहिले मोजमाप अंधारातले. उणे १ व्होल्टपासून अधिक २ व्होल्टपर्यंत करंट नोंदवा आणि तो लॉग पट्टीवर काढा. उणे बाजूचा करंट मोठा असेल आणि व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत वाढत असेल तर सेलमध्ये गळती आहे: धूळ, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, किंवा आयटीओची (काचेवरच्या पारदर्शक वाहक थराची) न घासलेली कड. अधिक बाजूला दीड व्होल्टच्या पुढे रेषेचा जो उतार मिळतो त्यावरून बाहेरचा सीरिज रोध कळतो. तो २-३ ओहम-चौरस सेंटिमीटर असेल तर ठीक. प्रत्येक एका ओहम-चौरस सेंटिमीटरमागे कमाल शक्तीच्या बिंदूवर सुमारे २३ मिलिव्होल्ट जातात, म्हणजे ०.६९ व्होल्टपैकी ३ टक्क्यांहून थोडे जास्त. हा रोध ६-७ निघाला तर दोष आयटीओ, टोकांचे संपर्क किंवा वरच्या धातूत शोधा. मिश्र थराला बोल लावू नका.

दुसरे मोजमाप मंद प्रकाशातले आणि सगळ्यांत बोलके. सूर्यप्रकाशाची नक्कल करणाऱ्या दिव्यापुढे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावून प्रकाश दहा टक्क्यांवर आणा. फिल्टरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, जेएससी किती पट घटला त्यावरून खरी तीव्रता काढा. आता फिल फॅक्टर पाहा. मंद प्रकाशात तो आणखी पडला तर गळती आहे. ५०० ओहम-चौरस सेंटिमीटरची गळती पूर्ण उन्हात सुमारे ६ टक्के करंट खाते, पण एक दशांश प्रकाशात तीच गळती निम्मा करंट पिते. याउलट मंद प्रकाशात फिल फॅक्टर ६६ वरून ७५-७६ वर चढला, तर गळती नाही. दोष सीरिज रोधाचा आहे किंवा थरातल्या वहन-पुनर्मीलनाचा. या दोघांपैकी कोणता, ते पहिल्या मोजमापातला सीरिज रोध सांगतो.

तिसऱ्या मोजमापात आठ-दहा तीव्रतांवर व्हीओसी नोंदवा. प्रकाश दहापट घटला की व्हीओसी सुमारे ६० मिलिव्होल्टने उतरला, तर आयडिअॅलिटी फॅक्टर (पुनर्मीलनाचा प्रकार सांगणारा आकडा) १ च्या जवळ आहे आणि इलेक्ट्रॉन-होल थेट भेटून वाया जात आहेत. घसरण ७५-८० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल तर ट्रॅपचा, म्हणजे विद्युतभार अडकवणाऱ्या जागांचा, वाटा मोठा आहे: अशुद्ध माल, पॉलिमरमधला कमी रेणुभाराचा अंश, ऑक्सिजन. घसरण ६० पेक्षा ठळकपणे कमी असेल तर इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर पुनर्मीलन होत आहे, म्हणजे संपर्काचा थर नीट बसलेला नाही.

याच आकड्यांतून चौथी गोष्ट निघते. प्रत्येक तीव्रतेसाठी पूर्ण उन्हाच्या जेएससीमधून त्या तीव्रतेचा जेएससी वजा करा आणि उत्तर त्या तीव्रतेच्या व्हीओसीसमोर मांडा. जो वक्र मिळतो त्यात वहनाचा रोध नसतो, कारण ओपन सर्किटमध्ये करंट वाहतच नाही. त्याचा फिल फॅक्टर साधारण ८२ ते ८५ टक्के येतो. हा आकडा आणि प्रत्यक्षातले ६६ यांतला फरक म्हणजे वहनाने आणि सीरिज रोधाने खाल्लेला वाटा. सीरिज रोध पहिल्या मोजमापात कळला आहेच. तो वजा केला की उरते ते थरातले वहन. पुढे कोणत्याही बदलाने फिल फॅक्टर वाढला तर तो नेमका कोणत्या खात्यात जमा झाला हे या हिशेबाने कळते. हा हिशेब न ठेवता केलेली सुधारणा दुसऱ्या बॅचमध्ये टिकत नाही.

वक्र व्हीओसीजवळ इंग्रजी एस अक्षरासारखा वाकत असेल तर हे सगळे बाजूला ठेवा आणि थेट संपर्काच्या थरांकडे जा. तिथे अडथळा उभा आहे.

पायरी २: काच आणि खालचा संपर्क

आयटीओचा शीट रोध १० ते १५ ओहम प्रति चौकोन असावा. साबणाचे पाणी, डीआयोनाइज्ड पाणी, अॅसिटोन, आयसोप्रोपेनॉल या क्रमाने प्रत्येकी १५ मिनिटे अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवा. पहिल्या टप्प्यात कडा हाताने घासा, कारण कडांवरची काचेची पूड बाथने निघत नाही. नायट्रोजनने सुकवा आणि १५-२० मिनिटे यूव्ही-ओझोन द्या. ओझोननंतर पाण्याचा थेंब पसरून सपाट झाला पाहिजे. गोल राहिला तर काच स्वच्छ नाही. ओझोनचा परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून लगेच पुढचा थर द्या.

होल गोळा करणारा थर म्हणून पेडॉट-पीएसएस एआय ४०८३ हे वाहक पॉलिमर वापरत असाल तर ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून गाळा, मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर ३० सेकंद फिरवा आणि १५० अंशांवर १५ मिनिटे भाजा. ३० ते ४० नॅनोमीटरचा थर मिळतो. हा थर पाणी ओढतो. मुंबईत किंवा कोकणपट्टीवर जून ते सप्टेंबरमध्ये हॉटप्लेटवरून ग्लव्हबॉक्सपर्यंत नेण्याच्या दोन-तीन मिनिटांतही तो ओला होतो, आणि मग पावसाळ्यातल्या बॅचचा फिल फॅक्टर का घसरला याचे कोडे पडते. उपाय सोपा आहे: आत नेल्यावर पुन्हा १२० अंशांवर १० मिनिटे ठेवा.

पेडॉट आम्लधर्मी आहे आणि आयटीओ खातो. त्याऐवजी टूपीएसीझेड हा एकरेणवी थर घेता येतो. इथेनॉलमध्ये ०.३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३००० फेऱ्या, १०० अंशांवर १० मिनिटे. तो जवळपास प्रकाश शोषत नाही, त्यामुळे करंटही थोडा वाढतो. मात्र त्याची जाडी एका रेणूएवढीच. पेडॉट आयटीओचे उंचवटे झाकून घेतो तसे तो झाकत नाही. धुण्यात कसूर झाली असेल तर एका काचेवरचे निम्मे सेल शॉर्ट होतात.

उलट रचनेत, म्हणजे खाली झिंक ऑक्साइड असताना, वेगळी काळजी घ्यावी लागते. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात झिंक ऑक्साइड वाय६सारख्या रेणूंचा दुहेरी बंध तोडते. सेल पहिल्या दिवशी उत्तम आणि आठवड्यात ढेपाळलेला, असे दिसले तर दिव्यासमोर यूव्ही फिल्टर लावून तुलना करा किंवा टिन ऑक्साइड वापरून पाहा.

पायरी ३: द्रावण

निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते. कृती अशी: पीएम६ आणि वाय६ वजनाने १ ला १.२, एकूण १६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, क्लोरोफॉर्ममध्ये, त्यात आकारमानाने ०.५ टक्के १-क्लोरोनॅफ्थॅलिन.

वजन करताना ठरलेल्या आकड्याच्या मागे लागू नका. पॉलिमरचे तंतू चिमट्यावर चिकटतात, कुपीबाहेर उडतात आणि ७.२७ मिलिग्रॅम कधीच नेमके येत नाही. समजा ७.६ मिलिग्रॅम पीएम६ पडला. मग वाय६ ९.१ मिलिग्रॅम घ्या, एकूण १६.७. त्याला १६ ने भागा: १.०४ मिलिलिटर द्रावक. चुकीचे प्रमाण पुढे कशानेही दुरुस्त होत नाही, द्रावकाचे आकारमान मात्र हवे तसे जुळवता येते. अर्धा मिलिलिटर बनवून माल वाचवण्याचा मोह टाळा. ०.१ मिलिग्रॅमची चूक ३.६ मिलिग्रॅमवर ३ टक्के होते.

क्लोरोनॅफ्थॅलिन प्रत्येक कुपीत ५ मायक्रोलिटर टाकणे म्हणजे दर वेळी वेगळे टाकणे. ते दाट असते आणि पिपेटच्या टोकाला चिकटून राहते. १० मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये ५० मायक्रोलिटर मिसळून ठेवा आणि तेच द्रावक म्हणून वापरा. रोज ताजे करा.

कुपी घट्ट बंद करून ४०-५० अंशांवर काही तास किंवा रात्रभर ढवळा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते आणि झाकणाच्या फटीतूनही निसटते. म्हणून द्रावण बनवल्याबरोबर कुपीचे झाकणासह वजन वहीत लिहा आणि वापरण्यापूर्वी पुन्हा करा. ०.१४९ ग्रॅम घट म्हणजे ०.१ मिलिलिटर उडाले. तेवढे परत घाला. हे न केल्यास सकाळी १६ चे असलेले द्रावण १८ चे होते, थर जाड येतो, फिल फॅक्टर पडतो आणि दोष रेणूवर जातो.

क्लोरोफॉर्मच्या बाटल्यांत स्थिरक म्हणून इथेनॉल किंवा अॅमिलिन असते, आणि त्यानुसार पॉलिमर थोडा वेगळा वागतो. एकाच प्रकारची बाटली धरून राहा. जुने क्लोरोफॉर्म आम्लधर्मी होते, ते वापरू नका. नायट्राइलचे हातमोजे या द्रावकापुढे फार वेळ टिकत नाहीत, थेंब पडला की बदला. ग्लव्हबॉक्समध्ये काम करताना शुद्धीकरणाचे चक्र बंद ठेवा आणि नंतर भरपूर पर्ज करा. हॅलोजनयुक्त वाफ आतला कॅटॅलिस्ट निकामी करते.

पीएम६ची बॅच बदलली की सगळे पुन्हा तपासा. रेणुभार वेगळा म्हणजे द्रावणातले गुठळणे वेगळे, आणि गुठळण्यावरच होलची वाट ठरते. बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि रेणुभार प्रत्येक सेलच्या नोंदीत असावा. द्रावण बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळू नका, गुठळ्या अडकून पॉलिमरचे प्रमाणच घटते. अगदीच गरज असेल तर ०.४५ मायक्रॉनचा पीटीएफई घ्या.

पायरी ४: थर

१५ मिलिमीटरच्या काचेवर २०-२५ मायक्रोलिटर द्रावण. काच ३००० फेऱ्यांवर फिरत असताना एका झटक्यात मधोमध सोडा, एकूण ३० सेकंद. आधी थेंब ठेवून मग यंत्र सुरू केले तर मधे डाग पडतो, कारण क्लोरोफॉर्म सेकंदा-दोन सेकंदांत सुकू लागते. धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर धूळ किंवा न विरघळलेला कण आहे. मधून बाहेर जाणारे पट्टे दिसले तर हात मंद चालला. धुरकट थर म्हणजे रेणू जास्त गोळा झाले: क्लोरोनॅफ्थॅलिन जास्त किंवा द्रावण गार.

जाडी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच द्रावणाचा थर साध्या काचेवर द्या, सुईने ओरखडा काढा आणि प्रोफाइलोमीटरवर तीन ठिकाणी मोजा. आयटीओच्या काचेवर मोजले तर आयटीओच्या पायरीची उंची जाडीत मिसळू शकते, म्हणून साधी काच. जाडी फेऱ्यांच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: ३००० ला १२० नॅनोमीटर आले तर ४००० ला १०४ येतील. पीएम६-वाय६साठी १०० च्या आसपास थांबा. प्रकाशाच्या परावर्तनामुळे करंटचे पहिले शिखर तिथेच आहे आणि विद्युतभारांचा रस्ताही आखूड राहतो. खोलीच्या तापमानाची नोंद ठेवा. मे महिन्यात ३४ अंशांना आणि जानेवारीत २२ अंशांना क्लोरोफॉर्म एकाच वेगाने सुकत नाही, आणि सुकण्याचा वेग म्हणजेच रेणूंना जागेवर बसायला मिळणारा वेळ.

क्लोरोनॅफ्थॅलिनचे काम तेच. क्लोरोफॉर्म उडून गेल्यावरही ते थोडा वेळ मागे राहते, कारण ते सुमारे २६० अंशांना उकळते. तेवढ्यात वाय६चे रेणू एकमेकांवर रचले जातात आणि इलेक्ट्रॉनला सलग वाट मिळते. ०.५ टक्क्याने हे साधते. १ टक्क्याच्या पुढे वाय६चे स्फटिक मोठे होतात, डोनर-अॅक्सेप्टरची सीमा घटते, करंट आणि फिल फॅक्टर दोन्ही खाली येतात. डायआयोडोऑक्टेन हे दुसरे प्रसिद्ध अॅडिटिव्ह ३३० अंशांच्या वर उकळते, थरात मागे राहते आणि प्रकाशात विघटन सुरू करते. पर्याय असताना ते टाळावे.

भाजण्यासाठी वाय६च्या मूळ कृतीत ११० अंश आणि १० मिनिटे आहेत. बऱ्याच प्रयोगशाळा ८०-१०० अंशांवर ५ मिनिटांत थांबतात. कोणतेही घ्या, पण हॉटप्लेटच्या पृष्ठभागाचे तापमान वेगळ्या प्रोबने मोजा. पडद्यावरचा आकडा आणि काचेखालचा आकडा यांत ५-१० अंशांचा फरक सहज असतो. १५० अंशांकडे गेलात तर वाय६ भरमसाट स्फटिकरूप होते.

थर नीट झाला का हे धातू चढवण्याआधीच तपासता येते. यूव्ही-व्हिजिबल वर्णपट घ्या: वाय६चे शिखर ८२० नॅनोमीटरच्या आसपास हवे. ते अलीकडे सरकलेले असेल तर रेणू अजून विस्कळीत आहेत. मग वाय६चा प्रकाशोत्सर्ग, म्हणजे पीएल, शुद्ध वाय६च्या थराशी ताडून पाहा. पीएल बराच शिल्लक असेल तर कणक्षेत्रे फार मोठी झाली आणि एक्सायटॉन (प्रकाशाने बनलेली इलेक्ट्रॉन-होलची जोडी) सीमेपर्यंत पोहोचत नाही. पीएल जवळपास पूर्ण विझला तरी फिल फॅक्टर कमी असेल तर उलट दोष आहे: मिश्रण इतके बारीक झाले की विद्युतभारांना सलग रस्ताच नाही. पहिल्या दोषावर अॅडिटिव्ह आणि तापमान कमी करा, दुसऱ्यावर वाढवा. दोन्ही दोषांत फिल फॅक्टर सारखाच पडतो, म्हणून पीएल न पाहता भाजण्याचा वेळ वाढवत बसणे हे अंधारात तीर मारणे आहे.

पायरी ५: वरचा संपर्क

इलेक्ट्रॉन गोळा करणारा थर आधी: पीडीआयएनएन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिथेनॉलमध्ये, ३००० फेऱ्या, ३० सेकंद, भाजण्याची गरज नाही. पीएफएन-बीआर वापरले तर ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याचा थर ५ नॅनोमीटरच्या आसपासच हवा, कारण ते स्वतः वीज नीट वाहत नाही आणि जाड झाले की वक्राला एस वळण येते. पीडीआयएनएन स्वतः बरे वाहक असल्याने जाडीची चूक सोसते. नव्या हातांसाठी तेच बरे. मिथेनॉल थरावर साचू देऊ नका, फिरत्या काचेवरच सोडा.

चांदी १०० नॅनोमीटर, निर्वात दाब १० चा उणे सहावा घात मिलिबारच्या पातळीवर. पहिले १० नॅनोमीटर सेकंदाला ०.२ ते ०.५ अँगस्ट्रॉमने चढवा, नंतर १-२ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढवा. सुरुवातीलाच घाई केली तर गरम चांदी खालच्या थरात घुसते, आणि पहिल्या पायरीत दिसलेली गळती इथेच जन्म घेते.

पायरी ६: मोबिलिटी मोजणे

थरातले वहनच दोषी ठरले तर दोन वेगळे सेल बनवा. फक्त होलसाठी आयटीओ, पेडॉट, मिश्र थर, १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड, चांदी. फक्त इलेक्ट्रॉनसाठी आयटीओ, झिंक ऑक्साइड, मिश्र थर, पीडीआयएनएन, चांदी. अंधारात करंट-व्होल्टेज मोजा आणि दोन्ही अक्ष लॉग पट्टीवर ठेवून उतार पाहा. उतार २ असेल तरच स्पेस-चार्ज सूत्र वापरा: करंट घनता बरोबर नऊ अष्टमांश, गुणिले परावैद्युतांक, गुणिले मोबिलिटी, गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले जाडीचा घन.

जाडीचा घन आहे हे विसरू नका. जाडीत १० टक्के चूक म्हणजे मोबिलिटीत सुमारे ३३ टक्के चूक. म्हणून हे सेल १५०-२५० नॅनोमीटरचे आणि किमान तीन वेगवेगळ्या जाड्यांचे बनवा. तिन्हींतून एकच मोबिलिटी निघाली तर आकडा खरा. सीरिज रोधावर पडणारे आणि आतले अंगभूत व्होल्टेज वजा करायला चुकू नका. सापेक्ष परावैद्युतांक ३ ते ३.५ धरतात.

दोन्ही मोबिलिटी ०.०००१ च्या वर आणि एकमेकींच्या दुपटीच्या आत असाव्यात. एक दहापट मंद असेल तर त्या जातीचे विद्युतभार थरात साचतात, आतले विद्युतक्षेत्र विस्कटते, आणि वेगवान विद्युतभारांचा वेगही कामी येत नाही. याची खूण मंद प्रकाशाच्या मोजमापातही दिसते: फोटोकरंट तीव्रतेच्या ०.७५ व्या घाताकडे झुकतो.

पायरी ७: तोल साधणे

इलेक्ट्रॉन मागे पडत असतील तर प्रमाण १ ला १.४ पर्यंत न्या. तेवढ्याने भागले नाही तर पीसी७१बीएम हे फुलरीन तिसरा घटक म्हणून घाला, पीएम६-वाय६-पीसी७१बीएम १ ला १ ला ०.२. फुलरीनचा गोल रेणू सगळ्या दिशांनी इलेक्ट्रॉन वाहतो आणि वाय६च्या जाळ्यातल्या फटी भरतो. ०.२ च्या पुढे गेलात की वाय६ची रचना विस्कटते आणि लांब तरंगलांबीचा करंट जातो. होल मागे पडत असतील तर आधी पॉलिमरची बॅच आणि द्रावणाचे तापमान तपासा. प्रमाण बदलण्याची पाळी नंतर येते.

थर दोन टप्प्यांत देण्याची पद्धतही इथे उपयोगी आहे: आधी पीएम६, त्यावर वाय६ किंवा एल८-बीओ, दोन्ही क्लोरोफॉर्ममधून. खाली पॉलिमर जास्त आणि वर अॅक्सेप्टर जास्त अशी उतरंड तयार होते, प्रत्येक विद्युतभाराला आपल्या इलेक्ट्रोडजवळ मोकळी वाट मिळते आणि थोडा जाड थरही चालून जातो. गुठळलेला पीएम६ दुसऱ्या वेळी पुरता विरघळत नाही, म्हणूनच हे शक्य होते. कमी रेणुभाराच्या बॅचने हे साधत नाही, खालचा थर धुऊन निघतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलाचे किमान आठ-दहा सेल मोजा आणि सरासरी लिहा. सर्वोत्तम सेल हा बहुधा योगायोग असतो.

पायरी ८: मोजमाप आणि क्षेत्रफळ

सेलवर धातूचा मास्क ठेवूनच मोजा, नाहीतर कडेचा प्रकाश आत शिरून करंट फुगतो. दिवा केजी५ फिल्टरच्या सिलिकॉन संदर्भ सेलने दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉटवर लावा. ईक्यूईच्या (प्रत्येक तरंगलांबीच्या प्रकाशातून किती विद्युतभार मिळतात त्याच्या) वक्रावरून काढलेला करंट आणि दिव्याखालचा करंट यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर कार्यक्षमतेचा आकडा लिहू नका, आधी दिवा तपासा.

४ चौरस मिलिमीटरच्या सेलवर ७५ टक्के फिल फॅक्टर मिळाला की १ चौरस सेंटिमीटरकडे वळावेसे वाटते, आणि तिथे ६५ वर घसरला की पुन्हा मिश्र थरात बदल सुरू होतात. त्याआधी आयटीओचा हिशेब करा. एका बाजूने करंट गोळा होत असेल तर आयटीओचा प्रभावी रोध म्हणजे शीट रोध गुणिले लांबीचा वर्ग भागिले ३. शीट रोध १५ आणि लांबी २ मिलिमीटर असता तो ०.२ ओहम-चौरस सेंटिमीटर येतो, दुर्लक्ष करण्याइतका. लांबी १ सेंटिमीटर झाली की तोच ५ होतो आणि कमाल शक्तीच्या बिंदूवर ११५ मिलिव्होल्ट गिळतो. यावर उपाय रसायनात नाही. सेलभोवती चांदीची चौकट चढवा म्हणजे करंट चारही बाजूंनी निघेल, किंवा सेल ५-६ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापून एकमेकांना सीरिजमध्ये जोडा.